दवाखान्याचा पैसा : कर, दंड कीं विमा?

मुठेच्या कांठची नारायण पेठ ही पुण्याच्या जुन्या पेठांपैकीं एक. पेशवे नारायणराव यांचें नांव तिला मिळालें. प्लेगच्या साथी तिनें पाहिल्या, इ. स. १९६१ चा पानशेतचा पूर पाहिला, आणि दूरदेशीं गेलेल्या मुलांच्या पत्रांची वाट पाहणाऱ्या आईबापांच्या कित्येक पिढ्याहि पाहिल्या. हीं पत्रें पूर्वीं मुंबईहून येत, मग विलायतेहून व अमेरिकेहून येऊं लागलीं. आतां मेलबर्न-सिडनीहून क्षणांत निरोप येतात. अशा निरोपांतून कळणारी एक गोष्ट मात्र येथील वडीलधाऱ्यांना चमत्कारिक वाटते. ऑस्ट्रेलियांत ज्याची प्राप्ति एका ठराविक मर्यादेपलीकडे गेली आहे, त्यानें खासगी इस्पितळाचा विमा उतरला नसेल, तर त्याच्या करावर आणखी एक अधिभार बसतो. त्यानें कायदा मोडलेला नसतो, कोणाचें नुकसान केलेलें नसतें. कदाचित् तो वर्षभर आजारीहि पडलेला नसतो. केवळ एक पॉलिसी घेतली नाहीं एवढ्यासाठीं त्याला जास्त पैसे भरावे लागतात. ऐकणारा साहजिकच विचारतो, कीं याला कर म्हणावें, दंड म्हणावें, कीं न घेतलेल्या विम्याचा हप्ता म्हणावें?

हा अधिभार १ जुलै १९९७ पासून सुरू झाला. त्याच्या बरोबर शंभर वर्षें आधीं, इ. स. १८९७ मध्यें, पुण्याच्या पेठांतून हाच प्रश्न निराळ्या वेषांत उभा राहिला होता. रोग्याला खाट कोणीं द्यावी, तिचा खर्च कोणीं सोसावा, आणि ज्यानें आपली सोय स्वतः केली त्यानें सर्वांच्या सोयीसाठीं पुन्हां पैसे कां द्यावे, हे तिन्ही प्रश्न त्या वर्षीं पुणेकरांच्या दारांत येऊन ठेपले. तेव्हां ऑस्ट्रेलियाचा कायदा समजून घ्यावयाचा तर पुण्यापासून आरंभ करणें सोयीचें होईल. आणि पुण्याचा आरंभ प्लेगच्याहि आधीं वीस वर्षें मागें जातो.

इ. स. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें दख्खन उजाड केलें. १८७० मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें या दुष्काळाची गांवोगांवची हकीकत गोळा करून सरकारपुढें मांडली. लॉर्ड लिटन यांच्या सरकारांतील अर्थखात्याचे प्रमुख सर जॉन स्ट्रेची यांनीं असा विचार केला, कीं दुष्काळ हें कांहीं एकदांच येऊन जाणारें संकट नव्हे. तें पुन्हां पुन्हां येणारच. मग त्यासाठीं दरसाल दीड कोटी रुपयांची तरतूद आधींच कां करून ठेवूं नये? या तरतुदीला ‘दुष्काळ विमा’ असें नांव पडलें, आणि तिच्या भरपाईसाठीं १८७८ मध्यें व्यापार-उदिमावर परवाना-कर, म्हणजे त्या वेळच्या भाषेंत लायसेन्स टॅक्स, बसविण्यांत आला. सरकारी नोकर आणि वकिलांसारखे सुशिक्षित व्यावसायिक त्यांतून प्रारंभीं सुटले. किरकोळ दुकानदार मात्र सांपडला. सुरतेस त्याच वर्षीं या करावरून दंगा झाला. पुढें थोड्याच काळांत अफगाणिस्तानांत युद्ध पेटलें, आणि युद्धाच्या खर्चापुढें दुष्काळाच्या विम्याचें आश्वासन बाजूला पडलें. दुष्काळासाठीं म्हणून कर देणाऱ्या माणसानें ‘आमचा विमा कोठें गेला?’ असें विचारलें, तर त्याला उत्तर देणारा कोणी नव्हता.

या प्रसंगांतून एक गोष्ट पुणेकरांच्या ध्यानीं आली. विमा आणि कर यांत मोठें अंतर आहे. विमा उतरणाऱ्याच्या हातीं कागद असतो. संकट आलें कीं तो कागद दाखवून हक्कानें पैसे मागतां येतात. कर भरणाऱ्याच्या हातीं फक्त पावती राहते. सरकारनें कराला विम्याचें नांव दिलें म्हणून पावतीचा कागद होत नाहीं.

नंतर आला तो ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं या रोगाचें निदान केलें, आणि कांहीं महिन्यांतच साथ पुण्यास पोंचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत वॉल्टर चार्लस् रँड यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग समिति नेमली गेली, आणि १३ मार्चपासून १९ मेपर्यंत गोऱ्या सोजिरांकडून घरांची झडती चालली. रोगी सांपडला कीं त्याला इस्पितळांत न्यावयाचें, घरच्या मंडळींना निराळ्या छावणींत ठेवावयाचें, आणि घर धुऊन, सामान जाळून साफ करावयाचें, असा क्रम होता. पुष्कळ कुटुंबांनीं घरें बंद करून शहराबाहेर माळावर झोपड्या बांधल्या. ज्यांना तें शक्य नव्हतें, त्यांना सोजिरांच्या बुटांचा आवाज जिन्यावर ऐकूं येईपर्यंत वाट पाहणें एवढेंच उरलें.

त्या काळचें सरकारी प्लेगचें इस्पितळ हें लोकांना मरणाचें दार वाटे. तेथें नेलेला माणूस परत येत नाहीं अशी समजूत सर्वत्र पसरली होती. स्त्रियांना तेथें व छावणींत मिळणाऱ्या वागणुकीविषयीं पंडिता रमाबाईंनीं जाहीर तक्रार केली होती. अशा वेळीं कांहीं समाजांनीं आपापलीं निराळीं इस्पितळें काढण्याची परवानगी मागितली, आणि तीं निघालींहि. लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें हिंदु प्लेग इस्पितळ उभें राहिलें. शहरांतील कित्येक पुढारी बाहेरगांवीं गेले असतां टिळक पुण्यांतच राहिले व या इस्पितळांत स्वतः जाऊन देखरेख करीत. तेथील खर्च वर्गणीवर चाले. रोग्याचे आचार सांभाळले जावे आणि त्याचा जीव परक्यांच्या हातांत एकटा पडूं नये, हा त्यांतील हेतु होता. पुढें १९०५ मध्यें टिळकांनीं नारायण पेठेंतील गायकवाड वाडा विकत घेतला, आणि तोच केसरीवाडा म्हणून प्रसिद्धीस आला. त्या वाड्यांत येणाऱ्या-जाणाऱ्या मंडळींत हिंदु प्लेग इस्पितळाच्या दिवसांची आठवण असलेलीं माणसें पुष्कळ होतीं, यांत नवल नाहीं.

आतां या सर्व व्यवहारांतील पैशाकडे लक्ष द्यावें. प्लेग-निवारणाचा बोजा नगरपालिकेच्या तिजोरीवर पडला, आणि ती तिजोरी भरणारा होता जकात व घरपट्टी देणारा नागरिक. म्हणजे सरकारी इस्पितळासाठीं त्यानें एकदां पैसे दिले. हिंदु इस्पितळाला वर्गणी दिली, तेव्हां त्याच नागरिकानें दुसऱ्यांदां पैसे दिले. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. लेफ्टनंट आयर्स्ट जागींच मेले व रँड ३ जुलैस वारले. यानंतर सरकारनें पुण्यावर जादा पोलीस बसविले आणि त्यांचा खर्च शहरवासीयांकडून वसूल करण्याचें ठरविलें. गुन्हा ज्यांनीं केला ते चापेकर बंधु. पण पट्टी बसली ती ज्यांनीं बंदूक कधीं पाहिलीहि नव्हती अशांवर. हें तिसरें देणें मात्र उघड उघड शिक्षेचें होतें, आणि शिक्षा-पोलीस हें नांवहि त्याला होतें.

अशा रीतीनें एकाच वर्षांत एकाच शहरानें तीन प्रकारचें देणें दिलें. पहिलें कराचें, दुसरें आपखुषीच्या वर्गणीचें, तिसरें दंडाचें. तिन्ही रकमा त्याच कनवटीच्या. परंतु तिन्हींचा अर्थ निराळा. वर्गणी देणाऱ्याला ठाऊक होतें कीं आपल्या पैशाची खाट होते. कर देणाऱ्याला तें अंधुक दिसत होतें. दंड देणाऱ्याला मात्र त्याच्या मोबदल्यांत कांहींच मिळावयाचें नव्हतें. मिळावयाचा तो फक्त धाक.

याच मार्चच्या १० तारखेस सावित्रीबाई फुले प्लेगनें वारल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनीं पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूस दवाखाना घातला होता. तेथें रोग्यांची सेवा करतांना त्यांनाच तो रोग जडला. त्यांनीं न कर घेतला, न हप्ता घेतला. परंतु अशी करुणा ज्या व्यक्तीच्या ठायीं वसते, तिच्याबरोबर ती जाते. समाजाची व्यवस्था तिच्यावर कायम उभी राहूं शकत नाहीं. म्हणून करुणेला जें साधतें तें नियमाला कसें साधेल, हा प्रश्न विसाव्या शतकानें हातीं घेतला.

त्याचें उत्तर युरोपांत आधींच निघालें होतें. जर्मनींत बिस्मार्क यांनीं १८८३ मध्यें कामगारांचा आजारविमा सक्तीचा केला. त्यांत हप्त्याचे दोन हिस्से कामगाराचे व एक मालकाचा होता. इंग्लंडांत लॉइड जॉर्ज यांच्या १९११ च्या कायद्यानें कामगारानें आठवड्याला चार पेन्स, मालकानें तीन व सरकारनें दोन पेन्स घालावे असें ठरलें. सक्ति दोन्हीकडे होती. परंतु ज्याच्या पगारांतून पैसे कापले, त्याच्या नांवें हक्कहि लिहिला गेला.

हिंदुस्थानांत हा विचार प्रत्यक्षांत आणण्याचें काम एका महाराष्ट्रीय नांवाशीं जोडलेलें आहे. १९४३ च्या मार्चमध्यें सरकारनें प्रा. बी. पी. आडारकर यांना औद्योगिक कामगारांसाठीं आजारविम्याची योजना तयार करण्यास सांगितलें. त्या वेळीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरखातें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होतें. १९४४ च्या ऑगस्टांत आडारकरांचा अहवाल सादर झाला. कापड, यंत्रें आणि खनिज-धातु हे तीन उद्योग त्यांनीं प्रथम घेतले. योजना सक्तीची असावी, तिच्यांत मालक व मजूर या दोघांचाहि पैसा असावा, आणि तिचा हिशेब निराळा ठेवावा, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. त्याच पायावर एप्रिल १९४८ मध्यें कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें पंडित नेहरूंच्या हस्तें योजनेचा आरंभ झाला. महाराष्ट्रांत ती १९५४ मध्यें नागपुरास प्रथम आली.

या योजनेंत मजुराच्या पगारांतून जो पैसा कापला जातो, तो कांहीं वेळां मजुरालाहि करासारखाच वाटतो. १ जुलै २०१९ पासून हा हिस्सा मालकाकडून पगाराच्या शेंकडा ३.२५ व कामगाराकडून शेंकडा ०.७५ असा ठरला. त्यापूर्वीं तो अनुक्रमें ४.७५ व १.७५ होता. योजनेच्या दवाखान्यांविषयीं तक्रारी आहेत, आणि त्या खऱ्याहि असतात. तरीहि एक गोष्ट निर्विवाद आहे. मजूर आजारी पडला कीं त्याला दाखवावयास कागद असतो. सक्तीच्या बदल्यांत हक्क, हा सौदा येथें पुरा झाला.

परंतु नारायण पेठेसारख्या वस्तींतील कारकून, शिक्षक, वकील, दुकानदार हे बहुतेक या योजनेच्या बाहेरच राहिले. त्यांच्यासाठीं उपाय निघाला तो खासगी विम्याचा. १९८६ मध्यें सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनीं ‘मेडिक्लेम’ नांवाची पॉलिसी काढली, आणि तिचा हप्ता भरणाऱ्याला आयकरांत सूट देणारें कलम ८०-ड कायद्यांत आलें. म्हणजे हिंदुस्थान सरकारनें विमा न घेणाऱ्यावर अधिभार बसविला नाहीं. विमा घेणाऱ्याला बक्षीस दिलें. ऑस्ट्रेलियानें मात्र बक्षीस आणि छडी हीं दोन्हीहि वापरून पाहिलीं. त्या देशाची हकीकत येथें थोडी विस्तारानें सांगणें अवश्य आहे.

ऑस्ट्रेलियांत गॉफ व्हिटलम यांच्या सरकारनें १ जुलै १९७५ रोजीं ‘मेडिबँक’ ही सर्वांसाठींची योजना सुरू केली. ती पुढच्या सरकारांनीं मोडीत काढली. बॉब हॉक यांच्या सरकारनें १ फेब्रुवारी १९८४ रोजीं ‘मेडिकेअर’ या नांवानें ती पुन्हां उभारली. सार्वजनिक इस्पितळांत विनामूल्य उपचार हा प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरला. त्यासाठीं प्राप्तीवर शेंकडा १ अशी पट्टी बसली. ती वाढत वाढत २०१४ च्या जुलैपासून शेंकडा २ झाली. ही पट्टी बहुतेक सर्व कमावत्यांवर आहे. फुकट उपचार मिळूं लागल्यावर लोकांनीं खासगी विमा सोडण्यास आरंभ केला. १९८४ मध्यें सुमारें निम्म्या लोकांकडे खासगी इस्पितळाचा विमा होता. १९९८ च्या अखेरीस ते प्रमाण शेंकडा ३० च्या जवळ आलें.

यांत विमा कंपन्यांचें एक निराळें दुखणें होतें. त्या देशांत विमा कंपनीला वय किंवा आजार पाहून हप्ता वाढवितां येत नाहीं. म्हाताऱ्याला व तरुणाला, रोगी व निरोगी माणसाला, एकाच पॉलिसीचा हप्ता मूळांत सारखाच. ही पद्धति माणुसकीची खरी. पण तीमुळें तरुण माणूस म्हणतो, कीं मला कांहीं होत नाहीं, मीं इतका हप्ता कां भरावा? तो बाहेर पडतो. मग आंत राहणारे बहुतेक वृद्ध व आजारी. त्यांचा खर्च मोठा. म्हणून हप्ता चढतो. हप्ता चढला कीं आणखी निरोगी माणसें बाहेर पडतात. भिशींतून भरणारे निघून गेले आणि उचलणारेच उरले, तर भिशी जशी बुडते, तशी ही गत होते.

ही गळती थांबविण्यासाठीं जॉन हॉवर्ड यांच्या सरकारनें तीन उपाय केले. १ जुलै १९९७ पासून, ५०,००० डॉलरांहून अधिक प्राप्ति असलेल्या एकट्या माणसानें व १,००,००० डॉलरांहून अधिक प्राप्ति असलेल्या कुटुंबानें खासगी इस्पितळाचा विमा घेतला नाहीं, तर प्राप्तीच्या शेंकडा १ इतका अधिभार लावला. १ जानेवारी १९९९ पासून विमा घेणाऱ्याच्या हप्त्याचा शेंकडा ३० हिस्सा सरकारनें उचलला. १ जुलै २००० पासून असा नियम केला, कीं तिशीनंतर जितकीं वर्षें विमा घेण्यास उशीर होईल, तितक्या वर्षांसाठीं दर वर्षामागें शेंकडा २ जादा हप्ता पडेल. ही वाढ शेंकडा ७० पर्यंत जाऊं शकते आणि सलग दहा वर्षें विमा ठेवल्यावर उतरते.

यांतून एक मोठी शिकवण निघते. अधिभार लागल्यावरहि दीड वर्ष विमेदारांची संख्या घटतच राहिली. ती एकदम वाढली ती तिसऱ्या नियमाची मुदत जवळ आल्यावर. २००० च्या सप्टेंबरांत ते प्रमाण शेंकडा ४५ च्या आसपास गेलें. वर्षाच्या शेवटीं भरावयाच्या दंडापेक्षां, आज चुकलेली संधि उद्यां जन्मभर महाग पडेल ही भीति अधिक परिणामकारक ठरली.

२०१२ च्या जुलैपासून अधिभाराच्या तीन पायऱ्या झाल्या. प्राप्तीप्रमाणें शेंकडा १, १.२५ व १.५. २०२४-२५ या वर्षासाठीं एकट्या माणसाची मर्यादा ९७,००० डॉलर व कुटुंबाची १,९४,००० डॉलर होती. मेलबर्नला १,००,००० डॉलर मिळविणाऱ्या एकट्या तरुणाला त्या वर्षीं मेडिकेअरची पट्टी २,००० डॉलर पडली, आणि विमा नसेल तर वर आणखी १,००० डॉलर अधिभार. या हजार डॉलरांच्या मोबदल्यांत त्याला काय मिळालें? खाट तर नाहींच. रांगेंत एक पाऊल पुढेंहि नाहीं. मग तो हिशेब करतो, कीं हजार डॉलर सरकारला देण्यापेक्षां तितक्याच किंमतीची एखादी अगदीं स्वस्त पॉलिसी घ्यावी. तशी पॉलिसी घेऊन पुष्कळजण अधिभार टाळतात, आणि प्रसंग आला कीं पुन्हां सार्वजनिक इस्पितळांतच जातात. कारण त्या पॉलिसींत उपयोगाचें फारसें कांहीं नसतें. या नियमाच्या टीकाकारांचें हेंच मुख्य म्हणणें आहे. कायद्याचा हेतु सार्वजनिक इस्पितळावरील भार हलका करण्याचा. परंतु कागद विकत घेतला जातो आणि भार तेथेंच राहतो.

समर्थकांचें म्हणणेंहि नीट ऐकून घेतलें पाहिजे. ते म्हणतात, कीं ज्याची ऐपत आहे त्यानें आपली खाट स्वतः विकत घ्यावी. म्हणजे सार्वजनिक इस्पितळांतील खाट ज्याची ऐपत नाहीं त्याला मिळेल. ऐपत असूनहि जो दोन्हीकडचा लाभ घेऊं पाहतो, त्यानें थोडें अधिक द्यावें. १८९७ मध्यें हिंदु प्लेग इस्पितळाला परवानगी देतांना सरकारनेंहि जवळजवळ असाच विचार केला असावा. भेद एवढाच, कीं ज्या पुणेकरानें वर्गणी दिली नाहीं त्याला कोणी त्यासाठीं दंड केला नाहीं.

अमेरिकेंत हा वाद थेट न्यायासनापुढें गेला. २०१० च्या कायद्यानें प्रत्येकानें आरोग्यविमा घ्यावा, न घेतल्यास २०१४ पासून रक्कम भरावी, असें ठरविलें. २८ जून २०१२ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निर्णय दिला, कीं ही रक्कम घटनेच्या दृष्टीनें कर म्हणून टिकते. कायद्यानें तिला दंड म्हटलें होतें; न्यायालयानें कर मानलें. पुढें २०१७ च्या डिसेंबरांतील कायद्यानें ही रक्कम २०१९ पासून शून्यावर आणली. म्हणजे नांव ठरविण्यास इतका मोठा खल झाला, आणि नांव ठरल्यावर सात वर्षांच्या आंत त्यांतला पैसाच नाहींसा झाला.

आतां पुन्हां स्वदेशीं यावें. हिंदुस्थानांत विमा न घेणाऱ्यावर अधिभार नाहीं. परंतु २०१८-१९ पासून आयकरावर शेंकडा ४ चा ‘आरोग्य व शिक्षण उपकर’ प्रत्येक आयकरदात्याला पडूं लागला, मग त्याच्याकडे विमा असो वा नसो. त्यापूर्वीं शिक्षणासाठींच्या उपकराचें प्रमाण शेंकडा ३ होतें. या उपकरांतील आरोग्याच्या हिश्श्यासाठीं निराळा निधि उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें मार्च २०२१ मध्यें संमति दिली. म्हणजे वसुली आधीं सुरू झाली आणि पेटी नंतर आली. १८७८ च्या दुष्काळ विम्याची आठवण असणाऱ्याला हा क्रम अस्वस्थ करणारा आहे.

दुसरीकडे विम्याच्या हप्त्यावर १ जुलै २०१७ पासून शेंकडा १८ वस्तु व सेवा कर होता. एका हातानें हप्त्यावर आयकरांत सूट आणि दुसऱ्या हातानें त्याच हप्त्यावर कर, अशी विसंगति आठ वर्षें चालली. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्ति व कुटुंबांच्या आरोग्यविम्यावरचा हा कर उठविण्यांत आला. तोंपर्यंत आयकराची २०२० मध्यें निघालेली नवी पद्धति बहुतेकांनीं स्वीकारली होती, आणि तिच्यांत हप्त्याची ती जुनी सूट नव्हती.

नारायण पेठेंतील सत्तरीच्या गृहस्थाला या सर्वांचा अर्थ असा होतो. त्याच्या पॉलिसीचा हप्ता ऑस्ट्रेलियांतल्याप्रमाणें सर्वांना सारखा नसून वयाबरोबर चढत गेलेला असतो. २०२५ च्या जानेवारींत विमा नियामकानें ज्येष्ठांच्या हप्त्यांत वर्षाला शेंकडा १० हून अधिक वाढ विचारल्याशिवाय करूं नये असा हुकूम काढला. तो बरा खरा, पण दहा टक्क्यांनीं वाढणारा हप्ता सात-आठ वर्षांत दुप्पट होतो, हें गणित शाळेंतील मुलालाहि येतें. दुसऱ्या बाजूनें, २०२४ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें सत्तर वर्षें व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, प्राप्ति न पाहतां, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचें इस्पितळाचें संरक्षण देण्यास आरंभ केला. हें विम्याचें नांव घेऊन आलें असलें तरी त्याचा पैसा कराचा आहे. आपल्या देशांत आजारावर होणाऱ्या एकूण खर्चापैकीं माणसानें स्वतःच्या खिशांतून भरलेला हिस्सा २०१३-१४ मध्यें शेंकडा ६४.२ होता, २०२१-२२ मध्यें तो ३९.४ वर आला. प्रगति आहे, पण शंभरांतले चाळीस रुपये अजूनहि रोग्याच्या उशाखालून निघतात.

मग मूळ प्रश्नाचें उत्तर काय? आजारासाठीं म्हणून घेतलेला पैसा न्याय्य आहे कीं नाहीं, हें त्याच्या नांवावरून ठरत नाहीं. त्याला कर म्हटलें, अधिभार म्हटलें, उपकर म्हटलें किंवा विमा म्हटलें, तरी विचारावयाचे प्रश्न तीनच. हा पैसा ऐपतीप्रमाणें घेतला जातो काय? तो ज्या नांवानें घेतला त्याच कामीं लागतो काय? आणि देणारा आजारी पडला तर या पैशामुळें कोणासाठीं तरी एक खाट तयार असते काय? १८७८ चा दुष्काळ विमा दुसऱ्या प्रश्नाला अडला. १८९७ ची शिक्षा-पोलिसांची पट्टी तिन्ही प्रश्नांना अडली. आडारकरांची योजना, तिच्या सर्व उणिवांसह, तिन्ही प्रश्नांना उत्तर देऊं शकते. ऑस्ट्रेलियाचा अधिभार पहिल्या प्रश्नाला उतरतो. तिसऱ्या प्रश्नापुढें मात्र तो अडखळतो, कारण तो माणसाला खाटेकडे नेण्याऐवजीं कागदाकडे नेतो.

ज्यांना विमा परवडतो त्यांनीं तो घ्यावा, यांत वाद नाहीं. परंतु ज्या शहरांत १८६७ पासून ससून इस्पितळ उभें आहे, त्या शहरांतील सुखवस्तु माणसानें आपल्या पॉलिसीकडे पाहून सार्वजनिक इस्पितळाकडे पाठ फिरविली, तर तेथील खाट कोणाच्याहि काळजीचा विषय राहणार नाहीं. प्लेगच्या वर्षीं पुण्याच्या ज्या मंडळींनीं स्वतःच्या इस्पितळाला वर्गणी दिली, त्यांनीं सरकारी इस्पितळांतील हाल सांगण्याचें सोडलें नाहीं. वर्तमानपत्रांतून, अर्जांतून ते ओरडत राहिले. मेलबर्नच्या मुलानें अधिभार भरावा कीं पॉलिसी घ्यावी, हा त्याचा हिशेब आहे आणि तो त्यानें करावा. घरच्या वडिलांनीं मात्र त्याला एवढें अवश्य विचारावें, कीं तुमच्या गांवच्या सार्वजनिक इस्पितळांत रात्रीं दोन वाजतां गेलेल्या माणसाला जागा मिळते काय? आणि तोच प्रश्न त्यांनीं आपल्या गांवासहि विचारावा.